शिफ्टच्या मीटिंगमध्ये कामगार गप्प राहतात, नेमकं काय बदलायचं?

प्रेसशॉप_चाकण

नमस्कार मंडळी. चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग बनतात, तिथलं प्रेस शॉप आणि स्पॉट वेल्डिंगची लाइन माझ्याकडे आहे. पहिल्या पाळीत ३८ माणसं: १४ कायम, १८ कंत्राटी, ६ अप्रेंटिस. पाळी ७:०० ला लागते आणि ७:१० पर्यंत बोर्डासमोर मीटिंग असते. क्रम ठरलेला आहे. कालचं प्रॉडक्शन, रिजेक्शन, आजचा प्लॅन, पीपीई (हातमोज्यांसारखी सुरक्षेची साधनं) घाला, आणि शेवटी "कुणाला काही विचारायचंय का?" कुणी काही विचारत नाही, सगळे पांगतात.

मग साडेनऊच्या चहाला कळतं की ३ नंबर प्रेसच्या डायला (पत्र्याला आकार देणारा साचा) रात्रीपासून बर (पीसच्या कडेला राहणारी धारदार किनार) येत होती आणि हे निदान चौघांना माहीत होतं. तोवर ट्रॉलीत पीस पडून गेलेले असतात आणि क्वालिटीचा लाल टॅग (माल नापास) लागलेला असतो. असं आठवड्यातून दोन-तीनदा होतं. माणसं कामाला चांगली आहेत, आपापसात मोकळी बोलतात, फक्त मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत.

"टीमला बोलतं करा", "विश्वास निर्माण करा" हे ट्रेनिंगमध्ये ऐकून झालंय. दहा मिनिटांत काय बोलायचं, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत, एवढं कुणी नीट सांगेल का?


लाइन_मास्तर

तुम्ही दिलेल्या क्रमातच उत्तर आहे. नऊ मिनिटं सुपरवायझर बोलतोय आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात ३८ जणांना मिळून एक प्रश्न विचारतोय. त्या वेळी प्रत्येकाचं लक्ष मशीनकडे असतं आणि जो बोलेल तो बाकीच्यांना उशीर करणार असतो. अशा वेळी गप्प बसणं हाच शहाणपणा.

पहिली गोष्ट, ३८ जणांची मीटिंग ही मीटिंग नसून घोषणा असते. समोरासमोर बोलणं ८ ते १२ माणसांतच होतं. प्रेस शॉपचे दोन गट आणि वेल्डिंगचा एक असे तीन करा आणि प्रत्येक गट त्याच्या लाइन लीडरकडे द्या. तुम्ही रोज एका गटात उभे राहा, तेही कडेला. सगळ्यांना सांगायची सूचना असेल तर ती तिन्ही लीडरना ६:५० ला एका कागदावर द्या. कमाल तीन ओळी. चौथी ओळ लिहावीशी वाटली तर ती उद्यावर ढकला.

दुसरी, क्रम उलटा करा. मी सुचवेन तो असा:

७:०० ते ७:०१, आज कोण नाही आणि त्याच्या जागी कोण. नवा माणूस कुठल्या मशीनवर जाणार हे नाव घेऊन सांगायचं, म्हणजे शेजारच्याला त्याच्यावर लक्ष ठेवायचंय हे कळतं.

७:०१ ते ७:०४, काल लिहून घेतलेल्या अडचणींचं काय झालं. दहा मिनिटांतला सगळ्यात मोलाचा भाग हाच, त्यावर खाली लिहितो.

७:०४ ते ७:०७, आज काय बदललंय. माणूस, मशीन, माल, पद्धत या चारांत जिथे बदल आहे तेवढंच. नवीन कॉइल लागली, डाय रिग्राइंड होऊन (पुन्हा घासून) आली, गेज (माप तपासायचं साधन) बदललं. बदल नसेल तर "आज बदल नाही" म्हणून पुढे जायचं.

७:०७ ते ७:१०, तुमचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

कालचे आकडे बोर्डावर लिहिलेले असतातच, ते वाचून दाखवू नका. वाचायला जितका वेळ जातो तितका ऐकायचा वेळ कमी होतो.

आता प्रश्नांचे शब्द. "काही विचारायचंय का?" याचं साहजिक उत्तर "नाही" आहे, आणि "समजलं का?" याचं उत्तर कायम "हो" असतं. हे दोन्ही बंद करा. प्रश्न इतका अरुंद ठेवा की "नाही" म्हणायलासुद्धा मशीनकडे बघावं लागेल. उदाहरणार्थ:

"३ नंबरला पहिल्या तासात काय अडेल?"
"रात्रपाळीने कुठली डाय कुरकुरतेय असं सांगितलं?"
"आजचा कोणता पीस हाताला लागायची शक्यता आहे?"
"काल कशासाठी दोनदा चालत जावं लागलं?"

शेवटच्या प्रश्नाला उत्तरं भराभर येतात, कारण त्यात कुणाची चूक दाखवायची नसते. गेज शोधायला, हातमोजे मागायला, ट्रॉली आणायला गेलेला वेळ सगळ्यांनाच खटकत असतो.

प्रश्न विचारला की गप्प राहा. मनातल्या मनात सहापर्यंत मोजा. बहुतेक सुपरवायझर दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देतात, आणि लोकांना कळून चुकतं की थोडं थांबलं की साहेबच बोलतात.

सूचना पोचली का हे तपासायचं असेल तर ती उलटी विचारा. "पहिला पीस पास झाल्याशिवाय चालवू नका, समजलं ना?" याऐवजी "डाय बदलल्यावर पहिला पीस कुणाकडे न्यायचा आणि तो कुठे ठेवायचा?" असं लाइनमधल्या एकाला विचारा. त्याने सांगितलं की सूचना पोचली. तो अडखळला तर सांगण्यात काहीतरी राहिलं, आणि ते त्याच्यावर न ढकलता पुन्हा सांगायचं.

आता अडचणींचा बोर्ड. सहा रकाने: तारीख, मशीन, अडचण, कोण बघणार, कधीपर्यंत, काय झालं. अडचण ज्याने सांगितली त्याच्याच शब्दांत लिहा. "३ नंबरला पीस काढताना बोट अडकतं" असं कुणी म्हणाला तर "एर्गोनॉमिक समस्या" लिहू नका. स्वतःचं वाक्य बोर्डावर दिसलं की तो माणूस उद्या दुसरं वाक्य सांगतो. "कोण बघणार" इथे माणसाचं नाव हवं, "मेंटेनन्स" असं लिहिलं की कुणीच बघत नाही.

आणि नियम एकच: सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उत्तर मिळालं पाहिजे. "झालं", "गुरुवारी होईल" किंवा "होणार नाही, कारण हे". नकार चालतो, लोक नकार समजून घेतात. उत्तरच आलं नाही तर माणूस दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा सांगत नाही, आणि त्याच्याकडे बघून बाकीचेही थांबतात. तुमच्याकडच्या शांततेमागे जुन्या, उत्तर न मिळालेल्या गोष्टी असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

बोर्डावर एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त उघड्या गोष्टी ठेवू नका. जास्त झाल्या तर तुमच्या हातात नसलेल्या वेगळ्या काढून वर पाठवा, आणि वर पाठवल्याची तारीखही बोर्डावरच लिहा.


क्वालिटी_ताई

मास्तरांच्या उत्तरात एक भर घालते. रिजेक्शनचा टक्का सांगू नका, पीस दाखवा.

"काल रिजेक्शन १.८ टक्के" यावर ऑपरेटर काय करणार? त्याऐवजी कालचा एक खराब आणि एक चांगला पीस आणा. खराब भागाला पेंट मार्करने पिवळं वर्तुळ करा आणि दोन्ही पीस हातातून हातात जाऊ द्या. ड्रॉइंगवर बर ०.२ मिमीपर्यंत चालत असेल आणि पीसवर ०.३५ असेल, तर आकडा ऐकून फरक कळत नाही, अंगठ्याला कळतो. (हातमोजा घालून फिरवा, बरने बोट कापतं.) वेल्डिंगच्या गटात छिन्नी मारून उघडलेला स्पॉट दाखवा. चांगल्या स्पॉटला एका पत्र्यातून गोळा उपटून येतो, कच्च्या स्पॉटला दोन्ही पत्रे साफ सुटतात. हे एकदा पाहिलं की टिप ड्रेसिंग (वेल्डिंगची टोकं घासून नीट करणं) वेळेवर का करायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

पीस हातात असताना विचारायचं, "असा पीस यायच्या आधी मशीनवर काय जाणवतं?" तेव्हा ऑपरेटर सांगतो की आवाज बदलतो, स्क्रॅप नीट पडत नाही, पीस डायला चिकटतो. ही माहिती कुठल्याच रिपोर्टमध्ये नसते. दर दिवशी एकच दोष घ्या. तीन दोष आणले की एकही लक्षात राहत नाही.

आणि खराब पीस कुणाच्या हातून निघाला हे मीटिंगमध्ये काढायचंच नाही. बॅच नंबरवरून कुणाचा ते सगळ्यांना कळतंच, तुम्ही उच्चारलंत की तो माणूस गेला हातातून.


कामगार_प्रतिनिधी

वरचं सगळं बरोबर आहे. पण काही गोष्टी मॅनेजरच्या बाजूने दिसत नाहीत, त्या लिहितो.

मीटिंग ७:०० ते ७:१० आहे, म्हणजे पाळीच्या वेळेत. हे चांगलं आहे, असंच राहू द्या. बऱ्याच ठिकाणी ६:५० ला बोलावतात आणि पंचिंग ७:०० चं धरतात. रोज १० मिनिटं म्हणजे २६ दिवसांत ४ तास २० मिनिटं झाली. हजेरी सक्तीची असेल तर तो कामाचाच वेळ आहे, आणि ठरलेल्या तासांच्या वर जाणाऱ्या कामाला ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो. फुकट दिलेल्या वेळात माणूस मनापासून बोलेल अशी अपेक्षा धरू नये. मास्तरांनी लाइन लीडरना ६:५० ला बोलावलंय, त्यांचाही हिशोब ठेवा.

सगळ्यांसमोर झाप देणं बंद झालं पाहिजे. गैरहजेरी, उशीर, मोबाइल, वैयक्तिक चूक हे सगळं बाजूला घेऊन, एकट्याला. एका माणसाला चारचौघांत बोललं की पुढचे कितीतरी दिवस सगळ्यांची तोंडं बंद होतात. कौतुक मात्र सगळ्यांसमोर करा, आणि नेमकं करा. "शाब्बास, चांगलं काम" याने काही होत नाही. "काल ५ नंबरला सेन्सरची वायर घासतेय हे पाळी सुटायच्या आधी सांगितलं म्हणून आज लाइन थांबली नाही" याने होतं.

तुमच्या ३८ मध्ये १८ कंत्राटी आहेत, म्हणजे जवळजवळ निम्मे. कायम माणसाने तोंड उघडलं तर फार तर साहेब नाराज होतो. कंत्राटी माणसाला संध्याकाळी ठेकेदाराचा फोन येऊ शकतो की उद्यापासून येऊ नको. तो गप्प बसतो यात त्याचा काय दोष? यावर उपाय तुमच्या हातात आहे. ठेकेदाराच्या सुपरवायझरला आठवड्यातून एकदा बोर्डासमोर उभं करा आणि त्याच्यादेखत सांगा की अडचण सांगितली म्हणून कुणाला कमी केलेलं चालणार नाही. हे लेखीही द्या. कुणाला कमी केलंच तर कारण मागा. एकदा जरी असं झालं आणि तुम्ही विचारलं नाहीत, तर बोर्ड भिंतीवरून काढला तरी चालेल.

आणखी एक. पगार, बोनस, कँटीन, बस, कायम करण्याचे विषय या दहा मिनिटांत येणारच. "इथे हे बोलू नका" म्हणून तोडू नका. बोर्डावर वेगळा रकाना ठेवा, तारीख टाका आणि कुठल्या समितीकडे जाणार ते सांगा. २० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती लागते, आणि १०० पासून पुढे शासनाच्या आदेशाने कार्यसमिती नेमता येते. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. तक्रार समितीत मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात. समिती कागदावरच असेल तर तिथलं सगळं तुमच्या सकाळच्या मीटिंगमध्ये येऊन साचेल.


नाइट_शिफ्ट

सगळे मीटिंगवर बोलताहेत, पण प्रश्नकर्त्याचं उदाहरण नीट वाचा. बर रात्रीपासून येत होती. म्हणजे माहिती रात्रपाळीच्या ऑपरेटरकडे होती आणि तो ७:०० ला गेटबाहेर पडला. पहिल्या पाळीची मीटिंग कितीही सुधारली तरी जो माणूस तिथे नाही तो बोलणार कसा?

पाळी बदलताना दोन्ही ऑपरेटर मशीनपाशी एकत्र उभे राहिले पाहिजेत. पाच मिनिटं पुरतात. चार गोष्टी सांगायच्या: मशीनला काय झालं, डायला काय झालं, कुठला माल संपत आलाय, कुठला पीस होल्डवर आहे. मशीनला बांधलेल्या वहीत दोन ओळी जाणाऱ्याने लिहायच्या, येणाऱ्याने सही करायची. वही ऑफिसात ठेवली की ती सुपरवायझरची होते आणि ऑपरेटर तिला हात लावत नाही.

हे होत का नाही? बहुतेक ठिकाणी कारण बसचं असतं. पाळी ७:०० ला सुटते आणि बस ७:१० ला निघते, म्हणून माणूस ६:५० लाच पंचिंगच्या रांगेत असतो. बस ७:२० ची करा. ट्रान्सपोर्टवाल्याशी एकदा भांडायला लागेल, पण याला दुसरा उपाय नाही.


सेफ्टी_ऑफिसर_भोसरी

प्रेस शॉप आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आवाज. हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल तर तिथे ८५ डेसिबलच्या वर आहात असं समजा. अशा जागी १० माणसांची मीटिंग म्हणजे पुढच्या तिघांची मीटिंग. मागचे मान हलवतात. रात्रपाळीचे प्रेस चालू असतील तर गट बोर्डाजवळ उभा करू नका, स्टोअरच्या भिंतीआड किंवा टूलरूमच्या बाजूला न्या. अर्धवर्तुळात उभं राहा, कुणाच्या मागे कुणी नाही. कानातले प्लग काढून बोलायची वेळ येत असेल तर जागा चुकली.

भाषा. तुमच्याकडे बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची माणसं असणारच. लीडर मराठीत बोलतो, हिंदीत एक वाक्य जोडतो आणि झालं म्हणतो. सुरक्षेची सूचना भाषांतरावर सोडू नका, मशीनवर करून दाखवा. दोन्ही हातांची बटणं दाबून दाखवा, लाइट कर्टनमध्ये (मध्ये काही आलं की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) काठी घालून प्रेस थांबतो ते दाखवा, मग नव्या माणसाकडून तेच करून घ्या. हात घालून दाखवायचं नाही, काठीच.

आता प्रश्न. "नियर मिस (थोडक्यात टळलेला अपघात) सांगा" म्हटलं की कुणी सांगत नाही, कारण तो शब्द ऑफिसचा आहे. "काल कुठे हात पटकन मागे घ्यावा लागला?" असं विचारा, लगेच उत्तर येतं. आणि नियर मिसचं टार्गेट देऊ नका. "प्रत्येकाने महिन्याला दोन" असं ठरवलं की सगळ्या फॉर्मवर "फरशीवर तेल सांडलं होतं" येतं, आणि लाइट कर्टन बायपास केल्याचं (तो निकामी करून प्रेस चालवल्याचं) एकाही फॉर्मवर येत नाही.

बायपास हा अवघड विषय आहे. तो सांगितला की सोबत्याचं नाव येतं आणि बायपास सहसा टार्गेटसाठी केलेला असतो. म्हणून विचारताना माणूस बाजूला ठेवा. "कर्टन चालू ठेवून तासाला किती पीस निघतात?" असं विचारा. प्लॅन तासाला ४०० चा आणि कर्टनसकट ३४० च निघत असतील तर बायपास प्लॅनमध्येच लिहिलेला आहे. ही दुरुस्ती ऑपरेटरने करायची नाही, तुम्ही आणि प्लॅनिंगने करायची.

हे गांभीर्याने घ्यायचं कारण तुम्हाला माहीत आहे. 'सेफ इन इंडिया' ही संस्था वाहन-सुटेभाग कारखान्यांतल्या अपघातांचे अहवाल २०१९ पासून काढते आहे, आधी हरियाणातले आणि नंतर पुणे भागातलेही. बोटं आणि हात जाण्यात पॉवर प्रेसचं नाव त्यात सतत वर असतं. तुमच्या दहा मिनिटांत एक वाक्य योग्य वेळी बोललं गेलं तर कुणाचं तरी बोट राहतं. आकडे वाचण्यात तो वेळ घालवणं मला पटत नाही.


प्रेसशॉप_चाकण

सर्वांचे मनापासून आभार. बसचा मुद्दा अगदी बरोबर, आमची ७:१० चीच आहे. तीन गट करणं आणि जागा बदलणं माझ्या हातात आहे, ते करतो. दोन गोष्टी अजून विचारतो.

एक, गटात प्रत्येकाला नाव घेऊन पाळीपाळीने बोलायला लावावं का? काही ठिकाणी असं करतात.

दोन, दर सोमवारी प्लँट हेड येतात आणि वीस-वीस मिनिटं बोलतात, बराचसा वेळ रागात. त्यानंतर पुढचे दोन दिवस बोर्डावर एक ओळही येत नाही. शिवाय माझ्या पातळीच्या वरच्या गोष्टी त्यांच्याकडे अडकतात. ४ नंबर प्रेसचा क्लच महिन्यात तीनदा घसरला, सांगून झालंय, काही हालचाल नाही. हे त्यांना सांगायचं कसं?


लाइन_मास्तर

पहिल्याचं उत्तर: हो, पण रोज सगळ्यांना नाही. दिवसाला दोन नावं, आणि आदल्या दिवशी सांगून. "उद्या तू ३ नंबरबद्दल एक गोष्ट सांग." तयारी असली की लाजरा माणूसही बोलतो.


कामगार_प्रतिनिधी

मास्तर, यात मी तुमच्याशी सहमत नाही. कंत्राटी माणसाचं नाव घेतलं की तो "सब ठीक है साहब" म्हणतो, आणि एकदा तसं म्हणाला की नंतर खरं बोलायला त्याला स्वतःचं वाक्य फिरवावं लागतं. त्यापेक्षा लीडरने ७:१५ ते ७:३० मध्ये तीन मशीनवर जाऊन एकेकट्याला विचारावं आणि दुसऱ्या दिवशी नाव न घेता बोर्डावर मांडावं. आपण सांगितलेलं काम झालं आणि कुणी उलटून बोललं नाही, हे त्याने चार-पाच वेळा पाहिलं की तो आपणहून पुढे येतो. कायम माणसांना नाव घेऊन विचारायला हरकत नाही.


लाइन_मास्तर

हे मान्य. कंत्राटी आणि अप्रेंटिस यांच्यासाठी तुमची पद्धत बरी.


सेफ्टी_ऑफिसर_भोसरी

थांबा, क्लचचं आधी. प्रेसचा क्लच-ब्रेक घसरतोय म्हणजे रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) वरच्या टोकाला थांबेलच याची खात्री नाही. हा मीटिंगमध्ये मांडायचा विषय नाही, हा मशीन बंद करायचा विषय आहे. आत्ता ४ नंबर बंद करा, वीज आणि हवा दोन्ही तोडून कुलूप लावा, टॅग लावा आणि लेखी कळवा. थांबण्याचं अंतर मोजून ठरलेल्या मर्यादेत आल्याशिवाय चालू करू नका. लाइट कर्टन किती लांब बसवायचा हे प्रेस थांबायला किती वेळ घेतो यावर ठरतं. तो वेळ वाढला की कर्टन चालू असूनही हात पोचतो.

हाच नियम लोकांनाही सांगून ठेवा: कुठल्या गोष्टी सात वाजेपर्यंत थांबवायच्या नाहीत. दोनदा आपोआप आलेला स्ट्रोक, न थांबणारा रॅम, बंद पडलेलं इमर्जन्सी बटण, उघडी वायर. यातलं काहीही दिसलं की ऑपरेटरने मशीन बंद करायचं, आधी बंद आणि मग फोन. बंद केल्याबद्दल त्याला कुणी जाब विचारणार नाही, हे प्लँट हेडच्या तोंडून एकदा सगळ्यांसमोर यायला हवं.


प्लँट_वाळूज

प्लँट हेडच्या खुर्चीवरून दिसतं ते लिहितो. तो वीस मिनिटं बोलतो कारण त्याला तिथे दुसरं काही काम दिलेलं नसतं. काम द्या.

शनिवारी दुपारी त्याला अर्ध्या पानाचा कागद द्या. त्यावर तीन गोष्टी: वर पाठवलेल्या आणि त्याच्याकडे अडकलेल्या दोन अडचणी, आणि आठवड्यात कुणी तरी सांगितल्यामुळे टळलेलं एक नुकसान. सोबत सांगा, "सर, सोमवारी या दोन अडचणींचं उत्तर तुम्ही स्वतः दिलंत तर माणसांवर जास्त परिणाम होईल. पाच मिनिटं राखून ठेवलीत." उत्तर द्यायचं ठरलं की माणूस आधी चौकशी करतो, आणि चौकशी केली की कामही हलतं. रागावायला मग वेळ राहत नाही.

राग आकड्यांवर असेल तर त्यासाठी वेगळी जागा द्या. सोमवारी ९:०० ला सुपरवायझर आणि मॅनेजर, बंद खोलीत, अर्धा तास. लाइनवर रागावून आकडा सुधारत नाही, फक्त लपतो. हे त्याला सरळ सांगायला संकोच वाटत असेल तर बोर्ड दाखवा. सोमवार-मंगळवारच्या रिकाम्या ओळी आणि गुरुवार-शुक्रवारच्या भरलेल्या ओळी, चार आठवड्यांच्या शेजारी शेजारी. तारखा तिथे लिहिलेल्याच आहेत, वेगळी तक्रार करावी लागत नाही.

वर मागणी नेताना तीन वाक्यं पुरे: काय झालं, त्याने काय जातंय, मला काय हवंय आणि कधी. बहुतेक सुपरवायझर पहिलं वाक्य पाच मिनिटं लांबवतात आणि तिसरं सांगतच नाहीत. "सर, ४ नंबरचा फार त्रास आहे, मेंटेनन्स लक्ष देत नाही" यावर वरचा माणूस फक्त "बघतो" म्हणू शकतो. तेच असं सांगा: "४ नंबरचा क्लच महिन्यात ३ वेळा घसरला, धोकादायक आहे म्हणून आज बंद केलाय. तिथला माल ६ नंबरवर घेतला तर दिवसाला सुमारे ३०० पीस कमी पडतील. लायनिंगची खरेदी आज मंजूर करा, गुरुवारच्या दुसऱ्या पाळीत बसवता येईल." आता त्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नाही म्हणाला तर कारण विचारा आणि त्याच्यासमोर लिहून घ्या. आकडे तुमचे घाला, मी अंदाजाने लिहिलेत.

एक पथ्य मात्र पाळा. लाइनवरून आलेली गोष्ट वर नेताना सांगणाऱ्याचं नाव नेऊ नका. श्रेय द्यायचं असेल तर त्याला आधी विचारा.


प्रेसशॉप_चाकण

४ नंबर बंद केलाय, कुलूप आणि टॅग लावलाय, मेल गेला आहे. शेवटचं एक विचारतो. हे सगळं नीट चाललंय की नाही हे कसं ओळखायचं? महिन्याअखेरीस एचआर नक्की आकडा मागणार.


क्वालिटी_ताई

किती अडचणी आल्या तो आकडा देऊ नका, नाहीतर सेफ्टी साहेबांनी सांगितलेल्या तेलाच्या फरशीसारखं होईल. दोन आकडे द्या. अडचण लिहिल्यापासून उत्तर मिळेपर्यंत किती दिवस गेले, आणि लाइनवर सापडलेल्या दोषांपैकी किती ऑपरेटरने आधी सांगितलेले होते. दुसरा काढणं सोपं आहे, लाल टॅगवर "कुणी शोधलं" हा रकाना वाढवा: ऑपरेटर, क्वालिटी की पुढची लाइन. पहिल्या महिन्यात अडचणींची संख्या वाढेल आणि एचआर घाबरेल, त्यांना आधीच सांगून ठेवा.


लाइन_मास्तर

आणि पहिल्या आठवड्यात बोर्डावर आलेल्यांतल्या ज्या दोन-तीन गोष्टी हजार-दोन हजारात आणि एका दिवसात होतात त्या आधी उरका. गेजसाठी मशीनपाशी हूक, ट्रॉलीचं चाक, पंख्याची दिशा. मोठ्या गोष्टींना वेळ लागणारच, पण तोवर लोकांना बोर्ड हलताना दिसला पाहिजे. तीन गट झाल्यावर लीडरपैकी एखादा नीट ऐकणारा नसेल तर पहिले दोन आठवडे तुम्ही त्याच गटात उभे राहा, आणि त्याला मीटिंगनंतर बाजूला घेऊन सांगा, गटासमोर नाही.